कोकणातली जागा विकताना दलाली कधी लागू होते? पहिल्यांदा विकणाऱ्यांसाठी

गावची जमीन किंवा घर पहिल्यांदाच विकायला काढलंय आणि "दोन टक्के द्यावे लागतील हां" एवढंच कुणीतरी कानावर घातलंय, अशांसाठी हे लिहितोय. मी वकील नाही. देवगडकडची आमची सामाईक जमीन विकताना यातनं स्वतः गेलोय, नंतर वाडीतल्या तीन-चार घरांच्या व्यवहारात बरोबर बसलोय, आणि कायद्याची कलमं वकिलाकडून समजून घेतलीयत.

आमचं खरेदीखत झालं त्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर आम्ही चहा पीत उभे होतो. ज्याने पार्टी आणली त्याचा चेक देऊन झाला होता. तेवढ्यात एक गृहस्थ आले, त्यांना मी आयुष्यात एकदाच बघितलेलं, आणि म्हणाले, "भाऊनू, पयलो फोन मी केललंय, माझा काय ता बघा." त्यांच्या मागोमाग दुसरा, ज्याने पार्टीला कणकवली स्टेशनवरून गाडीने आणलं होतं. तिसरा पार्टीचा मेव्हणा. वीस गुंठ्यांचा व्यवहार आणि दलाल चार. त्या दिवशी दोघांना चहापाण्याचे म्हणून थोडे दिले, काकांनी माझ्याकडे बघत मान हलवली, आणि घरी येऊन मी शोधायला बसलो की दलालीचे पैसे नक्की कुणाला द्यावे लागतात.

पायरी १. हा दलाल कुणाचा, ते पहिल्या फोनवरच ठरवा

गावच्या शेतजमिनीच्या दलालीसाठी वेगळा कायदा नाही, १८७२ चा करार कायदा लागतो, त्यात एजंटवर अख्खं प्रकरण आहे. त्याचा गाभा साधा आहे. एजंट म्हणजे तुम्ही सांगितलं म्हणून तुमच्या वतीने काम करणारा. तुम्ही नेमलंच नसेल तर तो तुमचा एजंट नाही, पार्टीने नेमला असेल तर पार्टी देईल.

पण इथेच घोडं पेंड खातं, कारण नेमणं म्हणजे स्टॅम्प पेपरच लागतो असं नाही. तोंडी चालतं, वागण्यावरूनही धरलं जातं. कुणीतरी फोन करून म्हणतो "तुमची ती कातळावरची जागा देताय काय, माझ्याकडे पुण्याची पार्टी आहे", तुम्ही म्हणता "आणा की, बघू", मग तो तीनदा माणसं आणतो, तुम्ही हद्द दाखवता, सातबारा व्हॉट्सअॅप करता, आणि शेवटी म्हणता की मी तुम्हाला कुठे नेमलं होतं? हे टिकायला कठीण आहे. फुकट करायचं म्हणून न केलेल्या कामाचा तुम्ही फायदा घेतलात तर मोबदला द्यावा लागतो असं त्याच कायद्याचं कलम ७० सांगतं. म्हणून पहिल्याच फोनला स्पष्ट बोला, "माझ्याकडून कमिशन मिळणार नाही, पार्टीकडून घ्या" किंवा "देईन, एवढं देईन, अमुक झाल्यावर देईन". दोन वाक्यं आहेत, पण भिडेपोटी आपल्याकडे कुणी बोलत नाही.

साखळीचं काय? तुम्ही ज्याच्याशी बोललात तो तुमचा एजंट. त्याने पुढे रिक्षावाला, टपरीवाला, मुंबईचा मित्र असं कुणालाही कामाला लावलं तर त्यांचे पैसे त्याने द्यायचे. त्यांचा तुमच्याशी करार नाही. आमच्या त्या चहाच्या दिवशी हे माहीत असतं तर मी हात जोडून पहिल्या माणसाकडे बोट दाखवलं असतं.

एकच दलाल दोन्हीकडून घेतो, हे कोकणात सर्रास चालतं आणि त्यात आपोआप काही बेकायदेशीर नाही, फक्त दोन्ही बाजूंना ते माहीत पाहिजे. तुमच्याकडून "चांगला भाव मिळवून देतो" म्हणून घेतले आणि पार्टीकडून "भाव पाडून देतो" म्हणून घेतले आणि दोघांनाही सांगितलं नाही, तर तो लबाडी करतोय.

पायरी २. "काम" म्हणजे नक्की काय, ते शब्दात पकडा

माझ्या मते या सगळ्यात महत्त्वाचं करार कायद्याचं कलम २१९ आहे. वेगळं काही ठरलं नसेल तर एजंटचा मोबदला त्याचं काम पूर्ण झाल्यावरच देय होतो, असं ते सांगतं. मग सगळा प्रश्न एवढाच उरतो की काम कोणतं ठरलं होतं. पार्टी आणून उभी करणं? साठेखतापर्यंत नेणं? की खरेदीखत नोंदवून देणं?

दलाल म्हणतो "विक्रीवर दोन टक्के". तुम्हाला वाटतं खरेदीखत, त्याच्या डोक्यात असतं विसार, म्हणजे सौदा ठरताना दिलेली आगाऊ रक्कम. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ सांगतं की साठेखताने जागेत हक्क निर्माण होत नाही, तो नुसता पुढे विकायचा करार आहे. म्हणजे विक्री धरायची तर खरेदीखत नोंदलं गेलं की. पण तुम्हीच जर मेसेजमध्ये लिहिलंत की "साठेखताला अर्धे देतो", तर ते अर्धे साठेखताला द्यावेच लागतील, मग पुढे सौदा फिसकटला तरी.

शब्दाने किती फरक पडतो त्याच्या दोन जुन्या केस वकिलांनी सांगितल्या त्या मला फार आवडल्या. इंग्लंडात १९४१ मध्ये दोन सिनेमा थिएटरांच्या विक्रीत दलालाला १०,००० पौंड द्यायचे ठरले होते, विक्री पूर्ण झाल्यावर. दलालाने तयार पार्टी आणली, मालकाने विकलंच नाही. हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, दलालाला एक पौंड दिला नाही, कारण अटच "पूर्ण झाल्यावर" अशी होती आणि मालकाला मन बदलायची मोकळीक होती. आपल्याकडे १९५० मध्ये सुप्रीम कोर्टात अब्दुल्ला अहमद विरुद्ध अनिमेंद्र किसन मित्तर अशी कलकत्त्याच्या एका घराची केस झाली. तिथे दलालाने तयार पार्टी आणलेली आणि मालकाने शेवटी त्याच पार्टीच्या माणसांना घर दिलं. कोर्ट म्हणालं, मालकाच्या वतीने करार पक्का करून टाकायचा अधिकार दलालाला नव्हता, पण पार्टी आणायचं काम त्याने केलं, दलाली त्याला मिळणार. दोन्ही निकाल कागदावरच्या शब्दांवर उभे आहेत. आपल्याकडे मात्र कागदच नसतो.

या दुसऱ्या केसमधली एक गोष्ट विक्रेत्याने पक्की लक्षात ठेवावी. पार्टी शोधायला सांगितलं म्हणजे सही करायचा, भाव पक्का करायचा अधिकार दिला असं होत नाही. त्यासाठी कुलमुखत्यारपत्र लागतं आणि ते दलालाला द्यायचं नसतं, कितीही ओळखीचा असला तरी.

पायरी ३. टक्का की नेट

टक्का कायद्याने ठरलेला नाही. रिवाज एक ते दोन टक्क्यांचा आहे, दोन्ही बाजूंनी वेगळा. वीस गुंठे, गुंठ्याला दीड लाख, म्हणजे ३० लाख, त्याचे दोन टक्के ६०,००० रुपये. दलाल जीएसटी नोंदणीवाला असेल तर वर १८ टक्के म्हणजे १०,८०० अजून, ते ६०,००० च्या आत धरायचे की वर, हे आधीच विचारा. आणि टक्का कशावर? खरेदीखतात लिहिलेल्या रकमेवर, हे पण बोलून घ्या.

खरा खेळ नेटमध्ये असतो. दलाल विचारतो, "तुम्हाला हातात किती पाहिजेत?" तुम्ही म्हणता गुंठ्याला एक लाख. तो म्हणतो ठीक, वरचे माझे. मग तो पार्टीला एक लाख चाळीस सांगतो. वीस गुंठ्यांवर तुम्हाला २० लाख, त्याला ८ लाख. दोन टक्के देताना हात आखडणारी माणसं इथे पार्टीने दिलेल्या पैशांपैकी २८ टक्क्यांहून जास्त सोडून देतात आणि वर खूश असतात की "आपण कमिशन दिलंच नाही". तुम्ही डोळे उघडे ठेवून नेटला हो म्हटलं असेल तर तक्रार करता येणार नाही, तोच करार झाला. पण टक्का ठरलेला असताना त्याने वरचे गुपचूप खाल्ले असतील तर प्रकरण वेगळं. ते पैसे तुमच्या व्यवहारातून आलेत, हिशोब द्यायला तो बांधील आहे, आणि ज्या कामात गैरवर्तन केलं त्या कामाचा मोबदला करार कायद्याच्या कलम २२० प्रमाणे त्याला मागता येत नाही.

अजून एक. नेटमध्ये खरेदीखतात २० लाख लिहायचे की २८? पार्टीने २८ दिले असतील आणि कागदावर २० असतील तर मधले आठ रोखीत फिरले, आणि कागदावर विकणारा म्हणून नाव तुमचं आहे. मी नेटच्या भानगडीत पडत नाही आणि पडू पण नका.

पायरी ४. एक मेसेज लिहून ठेवा

करारनामा केलात तर उत्तम. पण गावात कुणाला करारनामा म्हटलं की "आमच्यावर विश्वास नाही काय" सुरू होतं, त्यामुळे मी आता सरळ व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकतो आणि समोरून "ओके" घेतो. कोर्टात तो पुरावा म्हणून दाखल करता येतो, सोबत ठराविक नमुन्यातलं सर्टिफिकेट लागतं, म्हणून फोन बदलताना चॅट उडवू नका. मी टाकतो तो मेसेज साधारण असा:

"नमस्कार. गट नंबर अमुक, क्षेत्र अमुक, या जागेसाठी तुम्ही पार्टी आणणार. अपेक्षित भाव गुंठ्याला एवढा, त्याच्या खाली मला विचारल्याशिवाय बोलायचं नाही. तुम्ही आणलेल्या पार्टीच्या नावे खरेदीखत नोंदलं गेलं आणि पूर्ण पैसे माझ्या खात्यात आले की खरेदीखतातल्या रकमेच्या २ टक्के तुम्हाला, सगळं धरून. सौदा मोडला तर कमिशन नाही. तुमच्या बरोबरच्या माणसांचं तुम्ही बघायचं. टोकन थेट माझ्या खात्यात. हे आजपासून ६ महिने. इतर दलालांना पण मी सांगितलेलं आहे."

शेवटचं वाक्य खोटं असेल तर टाकू नका. आणि मुदत घालायला विसरू नका, नाहीतर चार वर्षांनी कुणीतरी उगवतो. प्रत्येक वेळी कुणाला जागा दाखवली ते नाव आणि तारीख त्याच चॅटमध्ये टाकायला सांगा, पुढची निम्मी भांडणं तिथेच संपतात.

पायरी ५. कागद आणि पैसे त्याच्या हातात जाऊ देऊ नका

हे मला उशिरा कळलं. करार कायद्याच्या कलम २२१ प्रमाणे, वेगळं ठरलं नसेल तर, एजंटला त्याचं कमिशन मिळेपर्यंत तुमचे त्याच्याकडे असलेले कागद अडवून ठेवता येतात. आणि कलम २१७ प्रमाणे तुमच्या वतीने त्याच्या हातात आलेल्या पैशांतून तो स्वतःचे वळते करून घेऊ शकतो. म्हणजे जुनं मूळ खरेदीखत, मोजणीचा नकाशा, वारस नोंदीचे फेरफार हे सगळं "झेरॉक्स काढून देतो" म्हणून त्याने नेलं, की वाद झाल्यावर पारडं त्याच्याकडे. झेरॉक्स तुम्ही काढून द्या. सातबारा आणि आठ अ तर ऑनलाइन निघतो, त्यासाठी कुणाच्या हातात फाइल द्यायची गरज नाही.

टोकनही तसंच. रोख घेऊच नका. जागेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त आगाऊ रोखीत घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा होतो, तो घेणाऱ्याला म्हणजे तुम्हाला, दलालाला नाही.

आता नेहमीची भांडणं

पार्टी दलालाने आणली, मग मालक आणि पार्टी परस्पर भेटले आणि दलालाला बाजूला करून खरेदीखत केलं. कमिशन लागतं. सौदा त्याच्यामुळे घडला हे दिसत असेल तर शेवटच्या बैठकीला तो नव्हता एवढ्याने त्याचा हक्क जात नाही. बायकोच्या किंवा भावाच्या नावे खरेदी केली तरी तेच. आपली माणसं यात फार हुशारी करायला जातात, "डायरेक्ट केलं, साठ हजार वाचले", आणि मग त्याच दलालाकडून पार्टीच्या कानावर जातं की सातबाऱ्यावर अजून एका आत्याचं नाव लागायचं राहिलंय.

दोन दलालांनी तीच जागा त्याच पार्टीला दाखवली. पहिल्याने फक्त रस्त्यावरून बोट दाखवलं, दुसऱ्याने भाव जुळवला, सहहिस्सेदारांना फोन केले, साठेखताला बसला. सौदा कुणामुळे घडला ते बघायचं, पहिलं कोण बोललं ते नाही. नुसता फोन नंबर देणाऱ्याला काही लागत नाही, तसं आधी ठरलं नसेल तर. दोघांनाही पूर्ण देणं म्हणजे चार टक्के, तेवढे कुणी मागितले तर दोघांना एकत्र बसवा आणि तुमच्या दोन टक्क्यांत वाटून घ्यायला सांगा.

पार्टीने विसार दिला आणि पळाली. कमिशन नाही. जप्त झालेल्या विसारात दलालाचा वाटा, हे ठरलं असेल तरच.

तुम्हीच मागे हटलात. कोकणात हे सगळ्यात जास्त होतं आणि सगळ्यात चिघळतं. सातबाऱ्यावर अकरा नावं, दहा तयार, बोरिवलीचा एक चुलतभाऊ ऐन गणपतीत घरी येऊन म्हणतो मी सही करणार नाही. काम "खरेदीखत नोंदवणं" असं ठरलं असेल तर कमिशन देय नाही. पण दलाल म्हणेल, मला तुम्ही सांगितलंत की सगळे तयार आहेत, मी मुंबईच्या पार्टीला चारदा फिरवली, माझी काय चूक? त्याचं म्हणणं अगदी उडवून लावण्यासारखं नाही, आणि तुम्ही जाणूनबुजून खोटं सांगितलं असेल तर नुकसानभरपाईचा वाद उभा राहू शकतो. म्हणून दलालाला सांगायच्या आधी सगळ्या नावांशी बोलून घ्या, आणि जे तयार नाहीत ते मेसेजमध्ये लिहा. मी तर म्हणतो असं झालं तर त्याचा पेट्रोलचा खर्च तरी द्यावा, पण हा माझा विचार झाला, कायदा नाही.

पार्टी पैसेवाली पण शेतकरी नाही. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, नाहीतर परवानगी लागते. अशी पार्टी आणून "मी माझं काम केलं" म्हणणाऱ्याने काम केलेलं नाही, कारण ती पार्टी घेऊच शकत नाही. शेतकरी दाखला पहिल्या भेटीतच मागायचा. उलट बाजूने, तुमची जमीन भोगवटादार वर्ग २ (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) असेल आणि ते तुम्ही लपवलंत, परवानगीत वर्ष गेलं, तर दलालाला दोष देऊ नका.

दलालानेच मेव्हण्याच्या नावे घेतली. तुम्हाला न सांगता त्याने स्वतःसाठी किंवा स्वतःच्या माणसासाठी घेतली आणि त्याने महत्त्वाची गोष्ट लपवली किंवा तुमचं नुकसान झालं असेल, तर करार कायद्याच्या कलम २१५ प्रमाणे तुम्ही तो व्यवहार नाकारू शकता. त्याने मारलेला फायदा मागता येतो, तो कलम २१६. कमिशनचा प्रश्न तर लांबच.

फेरफार अडकला. खरेदीखतानंतर फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, आणि भाऊबंदांपैकी कुणीतरी हरकत टाकतोच. वेगळं ठरलं नसेल तर खरेदीखत झालं की दलालाचं काम झालं. खरेदीदार असाल आणि सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत अर्धे रोखायचे असतील तर ते आधी लिहून घ्या, नंतर आठवून उपयोग नाही.

फ्लॅट किंवा प्लॉटिंग स्कीम असेल तर

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळला नवीन बिल्डिंग, किंवा दापोली-गुहागरकडे बंगलो प्लॉटची स्कीम घेत असाल तर वरच्या कायद्याच्या जोडीला २०१६ चा रेरा, म्हणजे बिल्डर आणि त्यांच्या एजंटांवर लक्ष ठेवणारा कायदा येतो. ५०० चौरस मीटरहून मोठी जमीन किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅट असले की प्रोजेक्टची नोंदणी लागते, आणि अशा प्रोजेक्टमध्ये विक्री करून देणाऱ्या एजंटची पण. महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचा नंबर पी ने आणि एजंटचा ए ने सुरू होतो, दोन्ही टाकून बघा. बिननोंदणीच्या एजंटला दिवसाला १०,००० रुपये दंड, वाढत वाढत जागेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. असा माणूस तुमच्याकडे कमिशनसाठी नोटीस पाठवायची भाषा करत असेल तर त्याला त्याचा नंबर विचारा. बहुतेक वेळा इथे बिल्डरच एजंटला देतो, तुमच्याकडून वेगळे मागितले तर कशाचे ते विचारा. गावची शेतजमीन, आजोबांचं जुनं घर याला ही नोंदणी लागत नाही, त्यामुळे "रेरा नंबर नाही म्हणून मी देणार नाही" हे तिथे चालत नाही.

देताना

चेक किंवा ऑनलाइन, खरेदीखत झाल्यावर, ज्याच्याशी ठरलं त्याच्याच नावे. पावती घ्या, त्यात गट नंबर, खरेदीखताचा दस्त क्रमांक, रक्कम आणि "या व्यवहारापोटी माझे व माझ्या माणसांचे काही येणे राहिलेले नाही" एवढं वाक्य. घर किंवा बिनशेती प्लॉट विकला असेल तर ही दलाली भांडवली नफा काढताना विक्रीचा खर्च म्हणून वजा होते, पावती सीएला लागते. ग्रामीण शेतजमिनीला तो कर बहुतेक लागतच नाही, तरी पावती ठेवा, कारण दलालीच्या दाव्याला मुदत ३ वर्षांची आहे आणि तोपर्यंत कुणीही येऊन "पयलो फोन मी केललंय" म्हणू शकतो.

आणि पैसे राहिले म्हणून कुणी "नोंदणी थांबवतो" असं धमकावलं तर घाबरू नका, दुय्यम निबंधक दस्त बघतो, दलालाचा हिशोब नाही. त्याचं खरंच येणं असेल तर त्याला दिवाणी कोर्टाचा रस्ता मोकळा आहे.